आधी तुम्ही

प्रयोगशाळेत जंतूंची बाटली फुटली, काच हातमोजा फाडून बोटात घुसली, आणि ते बोट निघालं रुग्णवाहिका समन्वय केंद्राच्या साहेबांच्या धाकट्या लेकीचं. नियमाप्रमाणे ती कपडे बदलायच्या बंद खोलीत जाऊन बसली. पूर्ण संरक्षक पोशाखातलं पथक येईपर्यंत दार उघडायचं नाही. औषध मात्र जितकं लवकर, तितकं बरं.

साहेबांनी तिन्ही विभागांच्या रुग्णवाहिका एका दमात सोडल्या आणि चहाचा कप घेऊन नकाशाच्या पडद्यासमोर उभे राहिले. तीन हिरवे ठिपके तीन दिशांनी धावत आले आणि प्रयोगशाळेच्या अलीकडच्या चौकात थांबले. तिन्ही.

"सिग्नल आहे का तिथे?"

"नाही, साहेब," म्हणत वायरलेसवरच्या ताईंनी आवाज वाढवला.

"उत्तरवाले, व्हा की पुढे."

"छे छे, आधी तुम्ही. तुमची गाडी नवी."

"तुम्ही वयानं मोठे. मान तुमचा."

"मग पूर्ववाल्यांना जाऊ द्या."

"आम्ही आलोयच कुठे अजून? वाटेतच आहोत असं समजा."

साहेबांचा कप ओठांशी पोचलाच नाही. "अहो, हे काय चाललंय?"

"जो पहिला पोचेल, घटनास्थळाची सूत्रं त्याच्याकडे," ताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "आणि सूत्रं ज्याच्याकडे, पुढची चौकशीही त्याचीच. मागच्या खेपेचा पहिला अजून खुलासे देतोय."

"कुठल्या शहाण्यानं केला हा नियम?"

सगळे इतक्या आदरानं गप्प बसले, की साहेबांना आठवलं.

तेवढ्यात लेकीचा फोन. "बाबा, भोंगे ऐकू आले, मग बंद झाले. परत गेले का हो ते?"

साहेबांनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि माइक ओढला.

"सगळ्यांनी ऐका. नियम बदललाय. जो शेवटी पोचेल, सूत्रं त्याच्याकडे."

मग तिन्ही ठिपके वाघ मागे लागल्यासारखे सुटले. फाटकाचा आडवा दांडा पहिल्या गाडीबरोबर आत गेल्याचं नंतर कळलं.

थोड्या वेळानं लेक पुन्हा फोनवर आली. "बाबा, पहिला डोस दिला. काही दिवस नजरेखाली ठेवतील, पण वेळेत झालं म्हणतात. आणि तिघं एकदमच आले हो! केवढी ही काळजी!"

"हो," साहेब म्हणाले.

वायरलेसवर शेवटचा कोण, यावरून हमरीतुमरी चालली होती. साहेब मात्र उभेच होते, चहावर धरलेल्या सायीकडे बघत.