नोलीनचे हात

"हात दाखव," नोलीन दारातच म्हणाली.

"अगं, चहा द्यायला आलोय!"

"दाखव म्हणते ना!"

दाखवले. तिने हुंगले. साबणाचा वास आला असता तर बाहेरच उभं केलं असतं. न्यूकॅसलच्या या प्रयोगशाळेशेजारी मी लेथ चालवतो, आणि ही झडती अठ्ठावीस वर्षं सोसतोय. तिच्या सहा मीटर उंच काचेच्या नळीत पाण्यातून हवेचे बुडबुडे चढतात. ते कुठे एकमेकांत मिसळतात ते ती मोजते. साबणाचा अंश जरी गेला तरी ते मिसळत नाहीत. म्हणून नळी उघड्या हातांनी, नुसत्या गरम पाण्याने धुवायची. हातमोजेसुद्धा नाहीत, त्यांची भुकटी पाण्यात उतरते.

यंदाच्या थंडीत मात्र (इकडे दक्षिण गोलार्धात ती मेमध्येच सुरू होते) बुडबुडे मिसळतच नव्हते. त्याच प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवणारा बेहरूज म्हणत होता, अर्ध्या उंचीवर मिसळायलाच हवेत. शुक्रवारी विभागप्रमुख लॅकलन येणार होता. आकडे जुळले नाहीत तर नळी भंगारात.

"तुझं गणित तपास," नोलीन बेहरूजवर खेकसली.

"चारदा तपासलं हो!"

"मग पाचव्यांदा तपास!"

तो बिचारा गेला. नोलीन नळीपाशी गेली. मग नळीतलं पाणी बाटलीत घेऊन तिने खळखळ हलवलं. वर फेस आला, तो बसेचना. चांगल्या पाण्यावर फेस टिकत नाही. तिने हळूच स्वतःचे हात नाकाशी नेले.

"लव्हेंडर," ती म्हणाली. "बहिणीने दिलेलं क्रीम. हात फुटतात म्हणून मेपासून रोज झोपताना लावतेय." तिचे कान लालबुंद झाले. जगाचे हात हुंगणारी बाई!

मला तिची फार दया आली. "गपचूप धुऊन टाक. कुणाला कळतंय? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मला कळलंय ना."

तिने वहीतल्या तीन महिन्यांच्या पानांवर तिथल्या तिथे काट मारली. खाली लिहिलं, 'चूक. कारण माझे हात. नोलीन.' ती वही बेहरूजपुढे ठेवून म्हणाली, "तुझं गणित बरोबर होतं. उगाच ओरडले तुझ्यावर."

"धुवायला येऊ मी?"

"ये. आधी हात दाखव."

तीन दिवस दोघं नळी धूत होती. क्रीम बंद, त्यात गरम पाणी. गुरुवारी तिच्या भेगांतून रक्त आलं. रक्तानेही पाणी बिघडतं. ती लगेच मागे सरली आणि हात पाठीशी बांधून उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा शेवटचं पाणी दुसऱ्या कुणी फिरवलं.

शुक्रवारी लॅकलनने ते पान वाचलं. "तीन महिने वाया गेले, नोलीन."

"गेले."

"मग आजच्या आकड्यांवर मी विश्वास का ठेवू?"

"ठेवू नकोस. बघ."

तिने हवा सोडली. बुडबुडे वर निघाले. अर्ध्या उंचीवर दोनाचा एक, चाराचे दोन होऊ लागले. बेहरूज आनंदाने ओरडलाच. लॅकलन कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "राहू दे नळी."

तो गेल्यावर मी क्रीमची ट्यूब नोलीनपुढे ठेवली. फुटलेल्या बोटांनी तिला झाकण फिरवता येईना. बेहरूज पुढे झाला.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. "उद्या तुला पाण्यात हात घालायचेत."

मग मीच उघडून दिलं.