पट अडतीस

माझी जीभ तिखट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. पोरांवर हात कधी उगारला नाही, याचा मला फार अभिमान होता. हाताचं सगळं काम जीभच करत होती, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी उपासनेच्या शेवटी आम्ही शिक्षक पुढं जाऊन उभे राहतो. प्रत्येकानं गेल्या वर्षाचं हजेरीपत्रक आणायचं. आधी वर्गाचा पट सांगायचा, मग एकेक नाव वाचायचं. प्रत्येक नावामागून सगळी मंडळी म्हणते, "प्रभू, सांभाळ." नावं म्हणाल तर नईम, शाइस्ता, महेश्वरी, मंजुनाथ. आमच्या मंडळीतलं नाव त्यात क्वचितच असतं. एकदा कुणीतरी विचारलंही होतं, की ही आपली पोरं नाहीत, मग चर्चमध्ये यांची नावं कशाला? एस्तेरबाई म्हणाल्या होत्या, "प्रभूनं तुला विचारून निर्माण केली नाहीत ती." त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

एस्तेरबाई म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौऱ्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. त्यांच्याच हाताखाली मी शिकवायला शिकले. यादीच्या रविवारी त्या पहिल्या बाकावर बसून नावं बोटांच्या पेरांवर मोजतात. पट आणि नावं जुळली की मान हलवतात, मग पुढचा शिक्षक सुरू करतो.

त्या रविवारी माझ्या पर्समध्ये स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. सही केलेला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचा, असं ठरवलं होतं. घरी यांना सांगितलं होतं की गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण नोकरी गुडघ्यांमुळं सोडत नव्हते.

कारण होतं दानेश्वरी.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेत तपासणी झाली. साहेबांनी माझ्या तिसरीच्या वर्गातून नेमकं दानेश्वरीला उभं केलं आणि धडा वाचायला सांगितला. पोरगी अबोल. घरी कानडी, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. तिच्या तोंडातून एक अक्षर निघेना. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. ते जिना उतरले की नाही तेवढ्यात मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुझ्यामुळं माझी मान खाली गेली. तुला वाचता यायचं नाही कधी. घरी बस आणि आईबरोबर बिड्या वळ."

वर्ग हसला. ती हसली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

मी वाट पाहिली. खरं सांगायचं तर नुसती वाटच पाहिली. तिचं घर भवानी पेठेत, शाळेपासून दहा मिनिटांवर, पण माझे पाय तिकडं वळेनात. तिच्या आईनं विचारलं तर काय सांगू? दिवाळीनंतर तिचं नाव पटावरून कमी केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पालक स्थलांतरित, अक्कलकोट.' कुणी तपासलं नाही. पट झाला सदतीस.

पुढं मात्र शिकवताना माझंच तोंड मला परकं वाटायला लागलं. प्रार्थनेला गुडघे टेकले की ती पोरगी डोळ्यासमोर उभी राही, आणि मी आमेनपर्यंत पोचतच नसे. जिच्या हातून असं झालं तिनं शिकवू नये, एवढंच मला कळत होतं. ती पोरं घेऊन यंदा चौथीला जायचा मला काय हक्क होता?

त्या रविवारी माझी पाळी आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "उजागरेबाई, पट किती?"

हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्यावर गेल्या जूनमध्ये माझ्याच हातानं लिहिलेला आकडा होता. सवयीनं तोच वाचला. "अडतीस."

मग आतलं एप्रिलचं पान उघडून नावं वाचायला लागले. "प्रभू, सांभाळ. प्रभू, सांभाळ." आवाज चढत होता, पंखे फिरत होते, मागच्या बाकावर एक तान्हं मूल कुरकुरत होतं. शेवटचं नाव झालं. मी हजेरीपत्रक मिटलं आणि जागेवर जायला निघाले.

"सत्त्वशीला," एस्तेरबाई म्हणाल्या, "एक राहिलं."

"नाही बाई, संपली यादी."

"अडतीस म्हणालीस. सदतीस झाली. डोळे गेलेत गं माझे, पेरं शाबूत आहेत."

मला सहज सांगता आलं असतं, की एक मुलगी गावी गेली, नाव कमी केलं. शेरा तयारच होता. वेदीवरच्या लाकडी क्रुसाकडं माझी नजर गेली आणि तो शेरा माझ्या तोंडातून बाहेर पडेना. वीस वर्षं मी संडे स्कूलमध्ये हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत आले होते. फ्लॅनेलच्या फळ्यावर कागदाचं मेंढरू चिकटवायचं आणि पोरांना विचारायचं, मेंढपाळानं काय केलं? शोधायला गेला, असं पोरं एका सुरात ओरडायची. मेंढरू स्थलांतरित झालं असं मेंढपाळानं लिहिलं, हे काही कुणी म्हणालं नव्हतं.

"दानेश्वरी," मी म्हणाले. मंडळी "प्रभू, सांभाळ" म्हणणार तेवढ्यात मी हात वर केला. "थांबा. आधी ऐका."

आणि सगळं सांगितलं. तपासणी, मी काय बोलले, काय लिहिलं. अर्जाचंही सांगितलं. लोकांच्या माना खाली गेल्या. पाळकसाहेब तरुण आहेत, ते एस्तेरबाईंकडं पाहू लागले.

एस्तेरबाईंनीच सुरुवात केली. "प्रभू, सांभाळ." मग सगळे म्हणाले. मग त्या मला म्हणाल्या, "प्रार्थना झाली. आता सांग, घर कुठं तिचं?"

"भवानी पेठेत."

"मग इथं काय करतेस?"

"बाई, मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं बोललीस त्याच. दुसरं कुठून आणशील?"

आशीर्वादाला थांबले नाही. रिक्षा करून निघाले. नवी पेठेत रविवारची गर्दी होती, रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि मला वाटत होतं अजून हळू चालावी.

घर सापडायला वेळ लागला नाही. दानेश्वरीची आई नागव्वा उंबऱ्याशीच बसली होती. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालू होती. मला पाहून ती थांबली.

"बाई? तुमी हितं?"

"दानेश्वरीसाठी आले."

"आता आलात व्हय?" ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं विचारलं. "बसा की."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कसं सुरू करावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "पोरगी म्हन्ली, बाईनीच सांगितलंय घरी बस म्हनून. मी म्हन्लं, बाईनं सांगितलं म्हंजे इचार करूनच सांगितलं असंल. आमाला काय कळतंय त्यातलं? लई मन होतं तिचं शाळेत. पन तुमचा शबुद मोडायचा कसा?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझा शब्द पाळत होती. दहा महिने एक अख्खं घर माझा शब्द पाळत होतं.

"नागव्वा, मी चुकले," मी म्हणाले. "विचार करून नाही बोलले. साहेबांपुढं माझी शान गेली, त्याचा राग लेकरावर काढला. तिचा काही दोष नव्हता. मला माफ करा."

तिनं पुन्हा एक पान उचललं, तंबाखू भरला, वळलं, दोरा गुंडाळला.

"मग दहा म्हयनं कुटं होता?"

"भीत होते," मी म्हणाले.

तेवढ्यात आतून, पडद्यामागून आवाज आला. "नईम!" आणि लगेच, जाड्या आवाजात, "हजर, बाई." मग "शाइस्ता!" आणि बारीक आवाजात, "हजर, बाई."

मी नागव्वाकडं पाहिलं.

"ती व्हय," नागव्वा म्हणाली. "बिड्यांच्या जुड्या बांदताना रोज शाळा घेती. आयतवारी बी. तिच्या शाळेला सुट्टी न्हाय."

मी ऐकत बसले. सगळी नावं, माझ्याच क्रमानं. मंजुनाथचं नाकातलं 'हजर' तिनं हुबेहूब काढलं. नाव घेतल्यावर मी अर्धा क्षण थांबते, तसंच थांबत होती. मग म्हणाली, "दानेश्वरी!" आणि आपल्या आवाजात, घाईनं, "हजर, बाई." माझ्याही नकळत मी मोजत होते. अडतीस भरली.

मला वाटलं, संपलं. पण पडद्यामागून आणखी एक हाक आली.

"बाई?"

कुणी उत्तर दिलं नाही. पेन्सिल खरखरल्याचा आवाज आला.

मी उठून पडदा बाजूला केला. दानेश्वरी दचकून उभी राहिली, मांडीवरच्या जुड्या खाली सांडल्या. उंची वाढली होती तिची. पायाशी वही उघडी होती, पट्टीनं रेघा मारलेली. वर्गातलं एकूण एक नाव तिनं आपल्या हातानं लिहिलं होतं, आणि तिला कधी वाचता यायचं नाही असं मी म्हटलं होतं. नावांपुढं 'ह', 'ह', 'ह', ओळीनं. सगळ्यांत खाली एक नाव होतं, 'बाई'. त्यापुढं 'गै', 'गै', 'गै'. गैरहजर. पानामागून पान तसंच.

मी तिचं नाव दिवाळीनंतर कमी केलं होतं. तिनं माझं कमी केलं नव्हतं. रोज मांडत होती, रोज हाक मारत होती.

मला रडू आवरेना. तशीच खाली, सांडलेल्या जुड्यांजवळ बसले. पोरगी घाबरून आईकडं पाहत होती. नागव्वा कानडीत हळूच काहीतरी म्हणाली, तेव्हा ती माझ्यासमोर टेकली.

"तू चुकली नव्हतीस," मी तिला म्हणाले. "बाई चुकल्या होत्या. कळलं?"

ती सांडलेल्या जुड्या गोळा करायला लागली.

"हजेरी पुन्हा घे की. शेवटचं नाव."

तिनं वही ओढून घेतली. मग खाली पाहतच, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "बाई?"

"हजर."

तिनं पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"उद्या बी?"

पर्स माझ्या मांडीवर होती, अर्ज तिच्यात.

"उद्या बी," मी म्हणाले.

तेव्हा तिनं आजचा 'गै' खोडला आणि त्याच्या शेजारी 'ह' लिहिला.