कोपऱ्यातला खड्डा बुजवू नका

माझं म्हणणं कोणाला खरंच वाटलं नाही. तोंड नाही ना मला, म्हणून! मी खोली बोलतेय. वसमतच्या एका घराखालची, बारा पायऱ्या उतरून यावं लागतं अशी. मला जे सांगायचं ते मी भिंतीतून आणि फरशीतून सांगते, आणि लोक म्हणतात, ओल आली. अरे, ओल कसली? बोलतेय मी.

मला खोदलं त्याला तीस वर्षं झाली. हळद ठेवायला खोदलं होतं. काळी माती टोपल्यांनी वर काढायला तांड्यावरच्या बाया आल्या होत्या, त्यांत केशरबाई होती. अठरा-एकोणीस वर्षांची, तोंडाची फटकळ. भर उन्हाळ्यात, अंगणातला हौद कोरडा ठणठणीत असताना, माझ्या पूर्वेच्या कोपऱ्यातून पाणी वर आलं. मालक घाबरला.

केशरबाई म्हणाली, "भेता काहून, मालक? कॅनॉल सुटला न्हाई का. वावरात पाणी भरलं की ते मातीखालून हिंडतं. त्याला बसायला जागा ठेवा."

म्हणून त्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा ठेवला. कॅनॉलला पाणी आलं की खड्डा भरायचा, कोणीतरी दोन बादल्या उपसायचं आणि मी कोरडी. एवढंच माझं दुखणं, एवढंच त्याचं औषध.

पुढं मालक वारला. त्याची बायको शकुबाई राहिली. हळद बंद झाली. खड्ड्यावर फळी पडली आणि आजूबाजूला मोडकी खाट, फुटका कुकर, जुनं गणपतीचं मखर येऊन पडलं. माणसाला जे फेकवत नाही आणि डोळ्यासमोरही नको असतं, ते सगळं माझ्यात. खड्डा आपला फळीखाली भरायचा, अडगळीखाली थोडा सांडायचा, आटायचा. कोणाला पत्ता नाही.

यंदा शकुबाईची लेक मिना पहिल्या बाळंतपणाला येणार होती. वरच्या खोल्या पत्र्याच्या, मे महिन्यात तव्यासारख्या तापतात. शकुबाई म्हणाली, "तळघर थंडगार हाये. तिथंच करू पोरीची खोली." तिचा इंजिनिअर मुलगा ओमप्रकाश कामाला लागला. खरं सांगते, मी हरखले. माझ्यात माणूस राहणार, आणि तेही तान्हं लेकरू! पांढरा रंग, चकचकीत फरशी, कूलर. मी आरशात बघणाऱ्या पोरीसारखी झाले होते.

गवंड्याच्या हाताखाली कामाला कोण आली? केशरबाई. केस पिकले होते, जीभ तीच. तिनं फळी उचलली, खड्ड्यात हात घातला आणि हळूच म्हणाली, "हायेस का गं अजून?" तीस वर्षांत माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस.

मग ती वर बघून ओरडली, "ओमभाऊ, हा खड्डा बुजवू नका!"

"मावशी, इथं पलंग येणार. खड्डा कसा ठेवू?"

"मंग पलंग तिकडं सरकवा. कॅनॉल सुटला की इथं पाणी येतं."

ओमप्रकाश हसला. "मे महिन्यात? नळाला आठ-आठ दिवस येऊन न्हाई राहिलं, आन् तुमच्या खड्ड्यात येणार? मंग गल्लीला इथूनच टँकर भरून देऊ!"

गवंडीही खिदळला. पायरीवरून शकुबाई म्हणाली, "ए केशर, चांगल्या कामात वाईट बोलू नको. चौथी शिकलीस आन् इंजिनेरला शिकवतीस?"

"चौथीच शिकले म्हणून दिसतंय मला. पाचवीपासून दिसायचं बंद होतं वाटतं." केशरबाईनं पदर खोचला. "लिहून देते, अक्का. या खड्ड्यावर फरशी घातली तर तुमची पोरगी पाण्यात बसंल."

त्या एका वाक्यानं तिचा घात केला.

खड्ड्यात मुरूम भरला. घमेली तिनंच ओतली, कामावरच्या बाईला दुसरं काय करता येतं?

मिना आली. बाळ वीस दिवसांचं झालं आणि कॅनॉल सुटला. माझ्या पाठीला ते पाणी लागलं आणि माझा जीव उडाला. मी भिंतीला पोपडा आणला. ओमप्रकाशनं त्यावर कॅलेंडर टांगलं. मी फरशीच्या सांध्यातून पाझरले. मिना म्हणाली, "आई, पोछा पिळून पुसत जा ना." आणखी कसं सांगायचं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आवरेना. पाणी पलंगाखालून निघून कूलरपाशी गेलं. झोळीतलं बाळ रडलं. मिनानं झोपेतच पाय खाली टाकला, हात कूलरला टेकवला आणि तिथंच चिकटली. ओरडणंही फुटेना तिच्यातून. बाळ मात्र रडतच राहिलं.

केशरबाई वर अंगणातल्या हौदाचा कठडा लिंपत होती. ते रडणं तिलाच वेगळं वाटलं. बारा पायऱ्या ती कशी उतरली मला माहीत नाही. आधी पायरीवरचं लाइटीचं बटण पाडलं, मग मिनाला काखेत धरून वर ओढत नेलं, मग येऊन बाळ.

मिना वाचली. उजवा हात अजून उचलत नाही. बाळ कोणीतरी तिच्या कुशीत आणून द्यावं लागतं.

आणि शकुबाई गल्लीत उभी राहून छाती बडवत म्हणाली, "पाण्यात बसंल म्हणाली होती ही! काळ्या जिभेची! बोलली आन् झालं!" गवंडी म्हणाला, खड्डापण तिनंच भरलाय. ओमप्रकाशला सगळं ठाऊक होतं. तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

आता तिला कोणी कामाला सांगत नाही. ती दिसली की बाया लेकरं आत घेतात. एकदा ती गल्लीकडच्या माझ्या झरोक्यापाशी बसली. म्हणाली, "तू तरी सांग गं."

सांगते ना! जीव तोडून सांगते. पण मला पाण्यावाचून दुसरी भाषा नाही, आणि मी जेवढी पाझरते तेवढं लोक म्हणतात, बघा, तिच्या काळ्या जिभेची बाधा अजून उतरंना. माझी साक्ष तिच्याच अंगावर जाते. गप्प बसायचं तर तेही माझ्या हातात नाही.

कोणी ऐकत असाल तर एक पहार घेऊन या. पूर्वेचा कोपरा, पलंगाखालची फरशी. उचला आणि बघा पाणी कुठून येतं ते. लवकर या. उद्या मला मातीनं भरणार आहेत, गाडी दारात उभी आहे. मघाशी शेजाऱ्यानं विचारलं, "एवढी चांगली खोली काहून बुजवता, ओमभाऊ? कोणामुळं झालं हे?"

ओमप्रकाशनं माझ्या झरोक्याकडं पाहिलं, मान फिरवली आणि नाव सांगितलं: केशरबाई.