डोळ्यांची आखणी

"मूर्ती तुम्हीच बसवलीत ना काका? मग तुम्हीच उचला," बांधकाम खात्याच्या मृणाली मॅडम कंटाळून म्हणाल्या. "मार्चअखेर मंजुरी संपते. मग हे शौचालय दुसऱ्या वस्तीला जाईल."

नाथाने मान डोलावली. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखण्यात त्याचा जन्म गेला होता. पण आपण आखलेलेच डोळे आपल्याला असे नडतील, हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

वस्तीच्या त्या कोपऱ्यावर पूर्वी उकिरडा होता. पाट्या लावल्या, भांडणे झाली, कोणी ऐकेना. शेवटी नाथाने कारखान्यातली सोंडेला तडा गेलेली एक बिनरंगाची मूर्ती आणून तिथे ठेवली. लोकांनी तिच्या पायाशीच कचरा ओतला. नाथाचे डोके फिरले. कुंचला घेऊन तो तिथेच उकिडवा बसला आणि त्याने डोळे आखले. दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद! देव बघतोय म्हटल्यावर कोणाची छाती होणार? हळूहळू वर पत्रा आला, खाली फरशी आली, घंटासुद्धा आली.

आता पंचाईत अशी, की वस्तीत शौचालय बांधायला सरकारी जागा तेवढीच. बायका अजून रुळांपलीकडे झुडपात जात. गेल्या पावसाळ्यात खडीवरून घसरून नाथाच्या बायकोचा, सीताबाईचा, पाय मोडला होता. ती अजून लंगडत होती. तिच्यासाठीच नाथाने या शौचालयापायी चपला झिजवल्या होत्या.

संध्याकाळी वस्ती कोपऱ्यावर जमली.

"त्याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाय," नाथा समजावत होता. "नुसतं प्लास्टर हाय."

"मंग डोळे कशाला काढलेस रे?" शेजारची धोंडुबाई कडाडली. "बघतोय ना तो? त्याला उठवून त्याच्याच जागेवर संडासात जायचं व्हय आमी?"

"रुळापल्याड साप हायत, बाई."

"हायत. पन तिथं देव नाय."

उद्या मीच उचलतो, पाप लागलं तर मला लागंल, एवढे म्हणून नाथा घरी आला.

उजाडायच्या आत तो गोणपाट घेऊन गेला. मूर्तीला हात घालणार, तोच मागून सीताबाई आली. हातात टमरेल होते.

"उचलू नका."

"अगो, तुझ्यासाठीच करतोय ना! तुझा पाय…"

"पाय माझा हाय. हास्पिटलात पडले होते तवा याच्याशीच बोलले मी. मला चालती कर म्हटलं. केलं ना त्यानं? आता त्यालाच घालवू?"

नाथा मटकन फरशीवर बसला. सगळ्या वस्तीशी भांडायची त्याची तयारी होती, हिच्याशी नव्हती. गोणपाटाची घडी करून त्याने ती मांडीवर ठेवली. त्याला फार दमल्यासारखे झाले.

मार्च सरला. शौचालय दुसऱ्या वस्तीत झाले, छान फरशीबिरशी घातलेले. मृणाली मॅडम पुन्हा फिरकल्या नाहीत.

सीताबाई अजूनही अंधारातच निघते. कोपऱ्यावर आली की टमरेल भिंतीच्या आड ठेवते, देवाला दिसू नये म्हणून. हात जोडते. मग टमरेल उचलून, भिंतीला धरत धरत, रुळांकडे चालू लागते.