गुंजीच्या पोटातल्या चुका

मी एक लोहचुंबक बोलतोय, आणि गाईच्या पोटातून बोलतोय. हसू नका. इथं अंधार आहे, ऊब आहे आणि दिवसभर चाऱ्याची घुसळण चालू असते. रवंथासाठी चारा वर जातो. मी जड, तळाशी पडून राहतो. गाईचं नाव गुंजी. मुखेडजवळच्या एका गावात साखराबाईंच्या दारात बांधलेली ही लाल कंधारी गाय, गुंजेसारखी लाल म्हणून गुंजी. माणसं एकमेकांचे अपराध पोटात घालतात म्हणे. गुंजीने तर अपराध्यालाच पोटात घातलं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, बोटाएवढं अंग गुळगुळीत घासलं, आणि विजेच्या वेढ्यात क्षणभर धरून मला उत्तर-दक्षिण अशी दोन टोकं दिली. तेव्हापासून लोखंड दिसलं की मला राहवत नाही. धावायचं आणि चिकटायचं. लोचट म्हणा हवं तर, मला राग नाही. सोडणं मात्र मला कुणी शिकवलंच नाही.

मुखेडचे गुरांचे डॉक्टर आनंदराज एकदा गुंजीला तपासायला आले. ती सात महिन्यांची गाभण होती. शेजारी घराचं बांधकाम चाललेलं, सळया बांधायच्या तारेचे तुकडे आणि लाकडाच्या फळ्यांतल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, कडब्यात येऊन पडत होते. डॉक्टरांनी ते बघितलं आणि मला साखराबाईंच्या हातात ठेवलं.

"गाय चारा चावत बसत नाही मावशी, गिळते. तार गेली तर थेट काळजाकडे सरकते. हे पोटात असलं की तार, खिळा, चूक, सगळं याला चिकटून बसतं."

"आन् चुका तशाच पोटात ऱ्हायल्या तर?"

"राहू द्या. घट्ट धरलेल्या चुकांनी काही होत नाही. सुट्या फिरल्या की टोचतात. बुधवारी तिला उपाशी ठेवा, मी येऊन गिळवतो."

साखराबाईंनी मला गोठ्यातल्या कोनाड्यात जपून ठेवलं.

रविवारी त्यांची मुलगी सुकन्या घरी आली. ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होती. गुंजीची पाठ खाजवायला म्हणून तिने हातातली कंपासपेटी कोनाड्यात टेकवली. पत्र्याची पेटी, अगदी माझ्या शेजारी. पुढे काय झालं हे सांगायला नको. टण्ण आवाज झाला, पण गुंजी त्याच वेळी हंबरली म्हणून तो कुणाला ऐकू गेला नाही. एस.टी.ची वेळ झाली होती. सुकन्याने न बघताच पेटी पिशवीत टाकली आणि मी नांदेडला गेलो.

तिला मी सापडलो तेव्हा तिचा चेहरा आधी खुलला, मग पडला. तिने लगेच आईला फोन लावला.

"आई, गुंजीचं लोहचुंबक मपल्यासंग आलंय."

"अगं मी समदा गोठा उलथापालथा करून राहिले."

"बुधवारच्या आधी आणून देऊ का?" आणि मग हळूच, "माझी दोन आणलेली व्हती, आदळून आदळून फुटली. लातूरची स्पर्धा तोंडावर हाय."

"असू दे. तुपलं काम होऊ दे. डॉक्टरला फुडल्या आठवड्यात या म्हणते."

"चालंल ना?"

"न चालायला काय झालं? गुंजी कुठं पळून चालली?"

असा मी उपग्रहात गेलो. खरा नव्हे, स्पर्धेसाठी केलेली जेवणाच्या डब्याएवढी दोन खोकी होती. कॅरमच्या फळीला बारीक भोकं पाडून खालून हवा सोडायची, म्हणजे खोकी टेकत नाहीत, अधांतरी तरंगतात. एका खोक्यात मी आणि दुसऱ्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी. गुंडाळीत वीज सोडली की तीही लोहचुंबक होते आणि मला ओढते. वीज उलटी केली की तीच मला लोटते. सुकन्या फोनवर आईला समजावायची.

"लहान उपग्रहात इंधन लई थोडं ऱ्हातं, आई. ते संपलं की तो हलायचा कसा? वीज उन्हातून मिळतेच. मग विजेनं लोहचुंबक करायचं आन् त्याच्या ओढीनं एकमेकाला जोडायचं. चार जोडले की एक मोठा."

"येवढ्या वर गाठ कोण मारायचं?"

"गाठच न्हाई. नुसती ओढ."

"आन् सोडायचं कसं?"

"तेच तर अवघड हाय."

खरं सांगतो, मी त्या दिवसांत फुगलो होतो. कुठं गाईचं पोट आणि कुठं अंतराळ. बुधवार आला आणि गेला, मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, लातूरच्या सभागृहाबाहेर सुकन्याचा फोन वाजला.

"गुंजी कालपसून खाईना," साखराबाई म्हणाल्या. "पाठ वर काढून उभी ऱ्हायली. उताराला पाय टाकीना."

"मी निघू का?"

"न्हाई. अपचन झालं आसंल. डॉक्टरला बलिवलंय. तुपलं झालं की ये."

सुकन्या फोन हातात धरून उभी राहिली. मला काढलं असतं तर तिचं खोकं नुसतं खोकं राहिलं असतं. तिच्या गटातला बसवराज दारातून हाका मारत होता. ती आत गेली. मला त्या क्षणी बरं वाटलं, हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं.

आमचा नंबर आला. वीज सुरू झाली. मी फळीच्या टोकाकडून सावकाश निघालो, जरा वळलो, गुंडाळीच्या समोर आलो आणि अलगद जाऊन टेकलो. सभागृहात टाळ्या झाल्या. मग वीज उलटी झाली आणि मी तितक्याच अलगद मागे सरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी काही सोडलं होतं. परीक्षक पुढं वाकून बघू लागले, त्यांना आणखी विचारायचं होतं. सुकन्याने मात्र खोकं उघडून मला बाहेर काढलं, "सर, बाकीचं बसवराज सांगेल," म्हणाली आणि स्टँडकडे पळाली.

अहमदपूरपर्यंत तिने मला मुठीत धरलं होतं. तिथं गाडी बदलताना बसवराजचा फोन आला, दुसरा नंबर आला म्हणून. ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या गाडीत चढली.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टरांनी गुंजीची डावी कूस भादरून घेतली होती. भूल दिलेली, गाय उभीच. हात कोपरापर्यंत आत घालून त्यांनी बोटभर लांबीची, गंजलेली तार बाहेर काढली. सुकन्याने मूठ उघडली. डॉक्टरांनी मला धुऊन घेतलं आणि स्वतःच्या हाताने गुंजीच्या पोटात ठेवलं.

गुंजी वाचली. चार दिवसांनी ती गाभडली, वासरू दिवसांआधीच मेलेलं पडलं. कालवड होती, आईसारखीच लाल.

गोठ्यात जे बोलणं झालं ते मी आतून ऐकलं.

"माझ्यामुळं झालं, आई. सकाळीच निघाया पायजे व्हतं."

"म्याच म्हणले ना असू दे. तू कामून रडतीस?"

डॉक्टरही म्हणाले, "लोहचुंबक आधी असतं तरी तार अडलीच असती असं छातीठोकपणे सांगता येत नाही." सगळ्यांनी दोष वाटून घेतला. माझं नाव कुणी घेतलं नाही. कोनाड्यातून उडी कुणी मारली, हे गुंजी आणि मी, दोघांनाच ठाऊक. मला ओरडून सांगायचं होतं, पण लोहचुंबकाला ओढ दिली आहे, तोंड दिलेलं नाही.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. सुकन्या अजून उपग्रह जोडते आणि त्यासाठी तिच्याकडे स्वतःची लोहचुंबकं आहेत. मला त्यांचा हेवा वाटत नाही. ती गावी आली की पिशवी खाली ठेवण्याआधी गोठ्यात येते आणि एक छोटं होकायंत्र गुंजीच्या डाव्या कुशीला लावते. मी जागेवर आहे का, हे बघायची ती रीत. पहिल्यांदा तिने ते लावलं तेव्हा ती कुशीशी वाकली.

"हाय का रं?" तिने विचारलं.

मी सगळा जीव एकवटून सुई माझ्याकडे ओढली.

"हाय," ती आईला म्हणाली, आणि गुंजीच्या मानेवर डोकं टेकून बराच वेळ उभी राहिली.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. बांधकाम कराल तेव्हा उरलेली तार आणि चुका वेचून घ्या, कडब्यात सोडू नका. गुरांना निवडून खाता येत नाही. आणि माझ्यासाठी म्हणाल तर काही नको, फक्त मला इथून बाहेर काढू नका.

माझ्या अंगाला आता एक सळईचा तुकडा, थोडी तार आणि बऱ्याच चुका चिकटल्या आहेत. त्यांतली एक माझी स्वतःची, बाकी सगळ्या लोखंडाच्या आहेत. गुंजी पुन्हा गाभण आहे. हल्ली पलीकडून कधीकधी एक लहानसा धक्का बसतो, वासरू पाय मारतं. तेव्हा मी अंगावरच्या सगळ्या चुका आणखी घट्ट धरतो.