खुनी कोण, ते राहू दे

धनलक्ष्मी अकरा वर्षांपूर्वी विधवा झाली. तेव्हापासून ती जुळे सोलापुरात धाकट्या भावाकडे राहायची आणि एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारायची. त्या रविवारी दुपारी ती कोरियन रहस्यमालिकेचा शेवटचा भाग बघत होती.

"अक्का, खुनी कोण ते दुसऱ्याच भागात कळलं होतं," भाऊ प्रभुलिंग म्हणाला. "पोलिसाला साधे बोटांचे ठसे घ्यायचं सुचत नाही. काय बघतेस यात?"

"तिच्या घराखाली तो रोज वाट बघत थांबतो, ते बघते."

"पन्नाशीला आलीस. लोक हसतील की."

धनलक्ष्मीने टीव्ही बंद केला. "मग आजच ऐक. कारखान्यातल्या विरुपाक्षांनी मला लग्नाचं विचारलं होतं. काल मी हो म्हटलं."

"या वयात? मी येणार नाही लग्नाला!"

"नको येऊस. तुझी परवानगी मागितली नाही. फक्त सांगितलं."

स्वयंपाकघरातून भावजय बसम्मा हात पुसत बाहेर आली. "तारीख सांगा, अक्का. साक्षीदार म्हणून मी सही करते."

दीड महिन्याने नोंदणी झाली. बसम्माने ठसठशीत सही केली. प्रभुलिंग तोंड फुगवून मागच्या बाकावर बसला होता, पण आला होता. धनलक्ष्मीने त्याच्या डोळ्यांत बघत पेढा पुढे केला. त्याने तो मुकाट्याने घेतला.