घेतलेलं नाव

दुपारचं जेवण झालं की इमाद लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून रोडपालीला निघायचा, आणि कुमुद आपला अर्धा डबा तसाच झाकून ठेवायची. तो जाऊन बसायचा तो भामाआत्यापाशी. कुमुदच्या सख्ख्या आत्यापाशी.

भामाआत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाणारी. ती आली नाही तर मांडव मुका राहायचा. तिची गाणी रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवायची ही कल्पना कुमुदची. कामोठ्यात शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर भरतचं वेबसाइट बनवण्याचं छोटं ऑफिस होतं, तिथे कुमुद सर्व्हर सांभाळायची. भरतला कल्पना आवडली. त्याने इमादला तिच्या जोडीला दिलं. इमाद पनवेलच्या मोहल्ल्यातला, नवाच लागलेला, हसऱ्या तोंडाचा.

इमादने त्यात एक गंमत घातली. नवरीचं, नवऱ्याचं आणि गावाचं नाव टाईप करा, की त्या नावांनी गुंफलेला धवला समोर यायचा आणि त्याखाली आत्याचा आवाज.

*मांडवाच्या दारी गो हलद कुटिली,*
*संजनाचे नावाची कली फुटिली.*

संजनाच्या जागी हादिया टाका, चिंधी टाका, कळी फुटायचीच. लग्नसराई होती. उरणपासून पेणपर्यंतच्या पोरींनी आपापली नावं टाकून पाहिली, मैत्रिणींना पाठवली, दुबईतल्या भावांना पाठवली.

आणि सर्व्हर दमायला लागला. सकाळी हलका असायचा, दुपारी जड व्हायचा, दिवेलागणीला पान उघडेनासं व्हायचं. मेमरी काठोकाठ भरलेली. कुमुद सगळं बंद करून पुन्हा चालू करायची. श्वास मोकळा व्हायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"सर्व्हर तुझ्याइतका कुणाला कळतो?" भरत म्हणाला. "तू इथेच थांब. रेकॉर्डिंगला इमाद जाईल."

कौतुक करता करता त्याने तिला खुर्चीला बांधून टाकलं. आत्याचा आवाज अलीकडे बसत चालला होता. थोडेच धवले राहिले होते, आणि ती गायची फक्त दुपारी, घर निवांत असताना. रविवारी कुमुद जायची तेव्हा घरात माणसं, टीव्ही, चहा. आत्या म्हणायची, "आज नको पोरी, गला नाय लागत." सोमवारी इमादसाठी गळा लागायचा.

तो परत यायचा तो डबा घेऊन.

"मावशींनी वालाचं बिरडं दिलंय. तुझ्यासाठीपण आहे."

"मला माहितीय तिच्या हातचं. लहानपणापासून खातेय."

"मग मी खाऊ?"

"ठेव तिथे."

कुमुद ते बिरडं एकटीने खायची, कॉम्प्युटरकडे तोंड करून. प्रत्येक घासाला वाटायचं, हे आपल्याकडे दुसऱ्याच्या हातून येतंय. मोगऱ्याचा गजरा दुसरीने माळून मग आपल्याला द्यावा तसं.

सर्व्हर सुटल्याशिवाय तीही सुटणार नव्हती. म्हणून ती हट्टाला पेटली. आधी तिला वाटलं, एकदम फार लोक येतात. तिने एका वेळी आत घेण्याची मर्यादा कमी केली. लोक दारात ताटकळले, तक्रारी आल्या, मेमरी भरायची ती भरलीच. मग तिने सर्व्हरवर चालणारे सगळे प्रोग्राम मेमरीच्या उतरत्या क्रमाने लावून बघितले. सगळ्यांच्या वर इमादचा धवल्याचा प्रोग्राम बसला होता.

तिला आनंद झाला. इतका की तिची तिलाच लाज वाटली. पण आनंद काही कमी झाला नाही.

तिने पारखून घेतलं. एकच जोडी पुन्हा पुन्हा टाकली: महादेव आणि मारिया. आकडा जागचा हलला नाही. नवी जोडी टाकली, आकडा वर गेला. आणखी नवी, आणखी वर. वाट पाहिली, खाली येईना. प्रोग्राम प्रत्येक नव्या जोडीचं पान गाण्याच्या अख्ख्या रेकॉर्डिंगसकट मेमरीत धरून ठेवत होता, आणि सोडत काहीच नव्हता.

इमाद आला तेव्हा भरत समोरच होता. कुमुद मुद्दाम तेवढ्यासाठी थांबली होती.

"तुझा प्रोग्राम आहे," ती म्हणाली. "जुनी पानं काढायची ओळच नाही त्यात. विसरलास?"

"विसरलो नाही," इमाद म्हणाला. "मुद्दाम नाही घातली. मावशी म्हणाल्या होत्या, धवल्यात घेतलेलं नाव सोडायचं नाय. एक जरी सुटलं तरी घर रुसतं. म्हटलं, ज्याचं नाव आलं त्याचं राहू दे."

भरत हसायला लागला. "म्हणजे पनवेल तालुक्यातल्या सगळ्या नवऱ्या तू उराशी धरून बसलायस."

कुमुद हसली नाही. आत्याने हे वाक्य त्याला सांगितलं होतं. तिला कधीच सांगितलं नव्हतं. मांडवात आत्याच्या पदराआड पेंगता पेंगता ते तिच्या कानावर पडलं होतं. पण त्याचं पुढचं अर्धं तिच्यापाशी होतं, त्याच्यापाशी नव्हतं. क्षणभर वाटलं, नको द्यायला. राहू दे माझ्यापाशी.

"अर्धंच ऐकलंस," शेवटी ती म्हणाली. "हळद उतरेपर्यंत सोडायचं नाय. हळद उतरली की नाव उतरवायचं. पुढच्या मांडवात मागच्या नवरीचं नाव कोण घेईल?"

इमादने बॅगेतून रेकॉर्डर काढून तिच्या टेबलावर ठेवला.

"हे मला कसं कळलं असतं? उद्यापासून तू जा. मी इथे बसून हळद उतरवतो सगळ्यांची."

इतकं सरळ दिलं त्याने, की जिंकल्यासारखं वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुमुद रोडपालीला गेली. भामाआत्या पडवीत मोड आलेले वाल सोलत होती. तिने कुमुदकडे पाहिलं, मग कुमुदच्या मागे रस्त्याकडे.

"इमाद नाय आला?"

"तो कामात आहे. आता मीच येणार."

"बरा हाय ना तो?"

"बरा आहे. त्याला काय धाड भरलीय?"

आत्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तोंड कशाला वाकडं करतेस? गुणी पोर हाय. सारखा इचारतो. हलद कुटताना पाच जणीच का, मुसल उजव्या हातानंच का. सांगून सांगून माझा गला बसला."

"मला कधी सांगितलंस का एवढं?"

"तुला काय सांगाचं? तू घरची. तुला सगलं ठावं हाय."

"ठाऊक आहे. पण सांगितलं नाहीस."

आत्या वाल सोलत राहिली. सालं एका बाजूला, पांढरे दाणे एका बाजूला. कुमुदने रेकॉर्डर चालू केला आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याकडे विचारायला काहीच नाही. जे काही विचारावं, त्याचं उत्तर तिला आधीच येत होतं. परक्याला किती सोपं असतं, तिला वाटलं. त्याला सगळंच विचारता येतं. तिने ताटातले मूठभर वाल ओढले आणि आत्याबरोबर सोलायला लागली.

"आत्या, तुझ्या लग्नात कुणी गायलं गो?"

आत्याचा हात थांबला. तिने हातातला दाणा ताटात टाकला.

"मीच," ती म्हणाली. "धवलारीण आजारी पडली. मुंडावल्या बांधून मीच माझं नाव घेतलं. बाया हसल्या. माझी सासू दोन वरसं बोलली नाय माझ्याशी."

कुमुदने हे कधीच ऐकलं नव्हतं. ती थोडी पुढे सरकली.

"हे इमादला सांगितलंयस?"

"नाय. त्यानं नाय इचारलं."

"सांगूही नकोस."

भामाआत्या तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसताच, बसलेल्या गळ्याने, त्या दिवशीचा धवला गायला लागली.